दगडातली अव्यये

प्राचीन मराठीची अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्याला एक प्रश्न दरवर्षी नव्याने भेटतो. ग्रंथावर शक नाही, किंवा शक आहे पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही, अशा वेळी त्याचा काळ ठरवायचा कसा? पाठ्यपुस्तकात उत्तर तयार असते : बहिर्गत पुरावे आणि अंतर्गत पुरावे. बहिर्गत म्हणजे इतर ग्रंथांतले उल्लेख, दानपत्रे, राजांची नावे. अंतर्गत म्हणजे मुख्यतः भाषा. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण ‘भाषेवरून काळ ठरतो’ हे वाक्य प्रत्यक्षात कसे राबवायचे, साक्षीला कोणता शब्द बोलवायचा, कोणत्या शब्दाची साक्ष फेटाळायची आणि का, याचे विवेचन त्या उत्तरात नसते. मला ते विवेचन सर्वांत काटेकोर स्वरूपात जिथे सापडले ती जागा आपल्या विद्याशाखेतली नव्हे. ती आहे सूक्ष्मजीवाश्मशास्त्र : समुद्रातल्या, वाळूच्या कणाएवढ्या जिवांच्या कवचांवरून खडकांच्या थरांचा काळ सांगणारी भूशास्त्राची एक शाखा.

साहित्याच्या माणसांना विज्ञानातली रूपके उचलून आणण्याची खोड असते. ‘स्तर’, ‘उत्खनन’, ‘गाळ’ हे शब्द समीक्षेत इतके वापरले गेले आहेत की त्यांना आता मातीचा वासही उरलेला नाही. मला येथे रूपक नको आहे. मला त्या लोकांची रीत हवी आहे, आणि त्या रीतीला जिथे अडचण येते ती जागाही.

आमच्या महाविद्यालयात मराठी विभाग आणि भूशास्त्र विभाग एकाच मजल्यावर आहेत. मधे फक्त एक जिना. तिथल्या सरांनी एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली एक काळी पट्टी सरकवली आणि म्हणाले, “मॅडम, बघा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे.” पट्टीवर साठ चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत डिंकाने चिकटवलेले एकदोन कण. नुसत्या डोळ्यांना ती धूळच वाटली असती. भिंगातून पाहिल्यावर मात्र प्रत्येक कणाला घडण दिसू लागली. काही कवचे शिजलेल्या साबुदाण्याचे चारपाच दाणे एकमेकांना चिकटावेत तशी फुगीर; काही चपटी, गोल आणि काठाला दुहेरी गोट लावल्यासारखी; काहींचे कप्पे तीन पेडांच्या वेणीसारखे गुंफत वर गेलेले. ही फोरॅमिनिफेरांची कवचे. एकपेशीय जीव, बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून एका मिलिमीटरपर्यंत. स्वतःभोवती चुन्याचे कवच रचायचे, वाढ झाली की एक नवा कप्पा जोडायचा, आणि मेल्यावर तळाशी जायचे, एवढेच त्यांचे चरित्र. काही जाती समुद्रतळावर राहतात, काही वरच्या पाण्यात तरंगतात. १८२६ मध्ये आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिले, तेव्हा कवचाची वळणे पाहून त्याने त्यांची गणना माखली-नॉटिलसच्या कुळात केली होती. हे एकपेशीय जीव आहेत हे १८३५ मध्ये दुजार्दँने दाखवले.

सरांनी ती चौकट कशी भरतात हेही दाखवले. मऊ खडक फोडून पाण्यात भिजत घालायचा, अगदी बारीक चाळणीवर धुवायचा, उरलेला गाळ वाळवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, अत्यंत बारीक ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलायचे. एका नमुन्यातून अशी शेकडो. पोथीतले पाठभेद टिपताना मान जशी अवघडते तशीच त्यांची अवघडते, हे ऐकून मला उगाच बरे वाटले.

आता या कणांवरून काळ कसा कळतो? इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात गुब्बिओ नावाचे डोंगरउतारावरचे एक जुने गाव आहे. गावाजवळच्या बोत्ताच्चोने घळीत गुलाबी चुनखडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. हा खडक एकेकाळी खोल समुद्राचा तळ होता. हजार वर्षांत साधारण एखादा सेंटिमीटर, एवढ्या सावकाशीने तो साचला. खडक इतका कठीण की धुऊन कवचे सुटी होत नाहीत. म्हणून त्याची चकती कापून, प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासून वाचावी लागते. कवच अखंड दिसत नाही, त्याचा छेद तेवढा दिसतो. फाटक्या पानावर अर्धे अक्षर दिसावे आणि त्यावरून शब्द ओळखावा तसा हा प्रकार. हांस लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा यांनी हे थर असे वाचले आणि १९६४ मध्ये त्याविषयी लिहिले. खालून वर येताना चुनखडकात मोठी, नक्षीदार, गोटाच्या काठांची ग्लोबोट्रंकाना भरपूर आढळतात. मग जेमतेम बोटाच्या रुंदीचा मातीचा एक थर लागतो. त्याच्या वर पुन्हा चुनखडक, पुन्हा कवचे. पण ती चिमुकली, साधी, निराळीच. नक्षीदार मंडळींपैकी कोणी नाही. वर आलेल्या या चिमुकल्यांपैकी एका जातीला त्यांनी गावाच्या लॅटिन नावावरून ‘युगुबिना’ म्हटले. ही जात दोन लाख वर्षांच्या आसपास टिकली. भूशास्त्राच्या हिशेबात हे निमिषच. म्हणून ती जिथे सापडते तो थर जगात कुठेही असो, त्या निमिषातला धरला जातो.

क्रिटेशस युगाचा शेवट असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर डायनोसॉर येतात. पण गुब्बिओच्या त्या घळीत डायनोसॉरचा संबंध नाही. तो समुद्राचा तळ आहे. युग कोणत्या सेंटिमीटरला संपले हे तिथे सांगितले ते या कणांनी. पुढे वॉल्टर अल्व्हारेझला प्रश्न पडला की तो मातीचा थर साचायला किती काळ लागला असेल. तो मोजण्यासाठी त्याने, त्याचे वडील लुइस अल्व्हारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी त्यातले इरिडियम मोजले. ते नेहमीच्या सुमारे तीसपट निघाले, आणि १९८० मध्ये अशनीच्या आघाताची उपपत्ती मांडली गेली. ती गोष्ट जगभर झाली. पण कोणती माती मोजायची हे आधी कोणीतरी चकत्या घासून दाखवून ठेवले होते, हे त्या गोष्टीत बहुधा कोणी सांगत नाही. साहित्याच्या इतिहासातही संपादकाचे असेच होते.

गुब्बिओचे आणखी एक वैभव आहे, आणि ते आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. गावच्या पालाझ्झो देई कॉन्सोली या वास्तूत काशाचे सात कोरीव पत्रे ठेवले आहेत. उम्ब्रियन ही लॅटिनची एक मृत भावंड-भाषा. तिच्यातले हे सर्वांत मोठे उपलब्ध लेखन. त्यात पुरोहितमंडळाचे विधी लिहिले आहेत : कोणत्या पक्ष्याचा शकुन पाहायचा, कोणत्या वेशीपाशी कोणता बळी द्यायचा. काही पत्रे उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या देशी लिपीत आहेत, काही लॅटिन लिपीत. पहिल्या पत्र्यावरचा विधी सहाव्या-सातव्यावर विस्ताराने पुन्हा येतो, पण तोवर कित्येक रूपांच्या शेवटी असलेल्या ‘स’ चा ‘र’ झालेला असतो. विधी तोच, देवता त्याच. काळ कळतो तो शब्दाच्या शेपटाकडच्या एका वर्णावरून. एकाच गावात, घळीत आणि सभागृहात, ही एकच रीत दोन वेगळ्या माणसांनी वापरावी, आणि दोघांनी कदाचित एकमेकांकडे कधी पाहिलेही नसावे, याचे मला फार नवल वाटते.

कालदर्शक जीवाश्म होण्यासाठी काय लागते, असे मी सरांना विचारले. त्यांनी बोटे मोजली : पुष्कळ असला पाहिजे, दूरवर पसरलेला असला पाहिजे, चटकन ओळखता आला पाहिजे आणि फार काळ जगलेला नसला पाहिजे. शेवटची अट ऐकून मी थांबले. आपण अभिजाताच्या उपासकांनी नेमकी उलटी सवय लावून घेतलेली असते. जे टिकले ते मोलाचे. पण जे टिकते ते काळ सांगत नाही. लिंगुला नावाचा एक शिंपला कोट्यवधी वर्षे जवळपास आहे तसाच राहिला. तो थरात सापडला तर भूशास्त्रज्ञाच्या हाती काहीच लागत नाही. ‘देव’ हा शब्द ज्ञानेश्वरीत आहे आणि आजच्या वर्तमानपत्रातही आहे. काळाच्या बाबतीत तो मुका. बोलतात ते ‘आथि’, ‘जाला’, ‘म्हणौनि’. ‘म्हणौनि’ चे ‘म्हणोनि’ होते, मग ‘म्हणून’ होते. हे शब्द पानोपानी विखुरलेले असतात, कवी त्यांच्याकडे पाहत नाही, रसिक त्यांना दाद देत नाही. व्याकरणात यांपैकी कित्येकांना आपण ‘अव्यय’ म्हणतो, न झिजणारे; आणि तेच सगळ्यांत आधी झिजतात!

लहान असण्याचा आणखी एक फायदा तेलविहिरींनी शिकवला. विहीर खोदताना खालून वर येतो तो खडकाचा चुरा. मोठ्या शिंपल्यांचे त्यात तुकडे होतात, ओळख पटत नाही. फोरॅमिनिफेरा मात्र त्यातून साबूत वर येतात. १९२१ साली अमेरिकेत एस्थर रिचर्ड्स या तरुणीने या कवचांवरून टेक्सासच्या विहिरींतले थर ओळखता येतील असे सुचवले, तेव्हा एका नामवंत प्राध्यापकाने भर सभेत तिची खिल्ली उडवली. १९२५ मध्ये तिने (विवाहानंतर ती ॲप्लिन झाली) आल्वा एलिसर आणि हेडविग नाइकर यांच्याबरोबर टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीखालच्या थरांवर निबंध प्रसिद्ध केला. तिघी तीन वेगळ्या कंपन्यांत नोकरीला होत्या. पुढे तेलकंपन्यांनी या शास्त्राच्या प्रयोगशाळाच उघडल्या.

त्या विहिरींच्या कामातून एक गोष्ट पुढे आली, आणि मला वाटते, पाठचिकित्सेच्या प्रत्येक वर्गात ती सांगितली पाहिजे. विहीर खोल जात असताना तिच्या भिंती ढासळत असतात. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरातली कवचे खाली पडून खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणून खोलवर एखादे नवे कवच सापडले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट, खाली जाताना एखादी जुनी जात पहिल्यांदा दिसली की ती खूण पक्की. कारण नवे खाली पडू शकते, जुने वर चढू शकत नाही. त्यामुळे विहीर वाचणारा एखाद्या जातीच्या उदयापेक्षा तिच्या अस्तावर अधिक विसंबतो. मात्र उघड्या खडकात याच्या उलट घडलेले असू शकते. नदी जुना खडक झिजवते आणि त्यातली कवचे वाहत जाऊन नव्या तळावर, नव्या मेलेल्यांच्या शेजारी पडतात. येथे जुने नव्यात मिसळले. ते ओळखायचे तर कवचाची झीज पाहायची, रंग पाहायचा, आत भरलेला गाळ भोवतालच्या खडकाहून वेगळा आहे का ते पाहायचे.

म्हणजे भेसळीला दिशा असते, आणि दोन दिशांची भेसळ दोन वेगळ्या रीतींनी ओळखावी लागते. आता पोथीकडे या. लेखकू नक्कल करताना नकळत आपल्या काळची रूपे घालतो : ‘म्हणौनि’ च्या जागी ‘म्हणोनि’, ‘जाला’ च्या जागी ‘झाला’. ही विहिरीची भिंत ढासळणे. तेव्हा ज्ञानेश्वरीच्या एखाद्या पोथीत चार रूपे अर्वाचीन निघाली म्हणून ओवी अर्वाचीन ठरत नाही. लेखकूच्या बोलण्यातून नाहीसे झालेले रूप त्या पोथीत टिकून राहिले असेल तर त्याचे वजन अधिक. पण हेच वजन एखाद्याने मुद्दाम घातले असेल तर? प्राचीनतेचा आव आणणारा जुनी रूपे हौसेने पेरतो. ही नदीने वाहून आणलेली कवचे. त्यांचीही झीज दिसते : अनुस्वार नको तिथे पडतो, स्त्रीलिंगी नामाला नपुंसकलिंगी सर्वनाम चिकटते, जुने रूप बरोबर असते पण त्याची विभक्ती नव्या धाटणीने लावलेली असते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या ज्ञानेश्वरीवरून जो वाद झाला तो मुळात याच दोन दिशांचा होता, असे मला आता वाटते. त्या पोथीतली जुनी रूपे हे राजवाड्यांच्या मते ती एकनाथपूर्व असल्याचे प्रमाण होते. शंका घेणाऱ्यांना तसे वाटले नाही. दोन्ही बाजूंनी रूपांच्या याद्या पुढे केल्या. प्रत्येक रूप कोणत्या दिशेने आले असेल हे मात्र सुटे करून फारसे मांडले गेले नाही.

हे मी वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घर वारकऱ्यांचे, आजोबांच्या गळ्यात माळ. “मॅडम, मग आमचे आजोबा रोज वाचतात ती ओवी माउलींची की लेखकूची?” वर्गात कोणी हसले नाही. तो खरोखर विचारत होता, आणि असल्या प्रश्नाला ‘संशोधन असे म्हणते’ या थाटात उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही. मी त्याला एवढेच सांगितले की मिसळलेला नमुना भूशास्त्रज्ञ फेकून देत नाही. वरून पडलेले काय आणि मूळचे काय याच्या वेगळ्या चौकटी करतो, आणि वरून पडलेले कणही जपून ठेवतो, कारण ते वरच्या थराची साक्ष असतात. आठ दिवसांनी तो पुन्हा भेटला. आजोबांना त्याने सगळे सांगितले होते. त्यावर आजोबा म्हणाले होते, “अरे, आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती कोणत्या दिवसाची? नाथांनी ग्रंथ शुद्ध केला त्या दिवसाची. म्हणजे मधे हात लागलेत हे आम्हाला ठाऊकच आहे की.” एकनाथांचे ते काम शके १५०६ चे, म्हणजे १५८४ चे. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्या परंपरेत पाठशुद्धीचा उत्सव होतो तिला पाठभेदांची भीती घालायला मी कोण?

यापुढची अडचण अधिक कठीण आहे, कारण ती आहे त्याची नसून नाही त्याची आहे. एखादी जात अमुक थराच्या वर सापडत नाही म्हणजे ती तिथे नामशेष झाली, असे म्हणता येईल का? १९८२ मध्ये फिलिप सिग्नॉर आणि जेरे लिप्स यांनी दाखवले की सापडलेला शेवटचा नमुना हा जगलेला शेवटचा जीव असणे जवळजवळ अशक्य. विरळ जात तर प्रत्यक्षात संपण्याच्या बरीच आधी खडकातून दिसेनाशी होते. त्यामुळे सगळ्या जाती एका दिवसात मेल्या असल्या तरी खडकात त्या एकामागून एक, सावकाश गेल्यासारख्या दिसतील. आता यात वाहून आलेल्या कवचांची भर घाला. मेलेल्या जाती सीमेच्या वरही दिसू लागतील.

ट्युनिशियातल्या एल केफ येथे नेमका हाच वाद पेटला. क्रिटेशसचा अंत आणि पुढच्या युगाचा आरंभ यांची जगाने मान्य केलेली सीमा तिथल्या थरात आहे. यान स्मिट म्हणत की तरंगते फोरॅमिनिफेरा तिथे एका झटक्यात गेले. गेर्टा केलर म्हणत की काही आधी गेले, काही नंतर. एकच घळ, तेच थर. शेवटी रॉबर्ट गिन्सबर्ग यांनी एक तोड काढली. थरांचे नमुने नव्याने गोळा केले, त्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक घातले आणि चार तज्ज्ञांकडे पाठवले. कोणता नमुना सीमेच्या वरचा आणि कोणता खालचा हे त्यांना कळू दिले नाही. आपल्या विद्यापीठीय परीक्षांत उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकतात, तोच न्याय. निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. चौघांच्या याद्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. एकाने ज्याला एक जात म्हटले त्याला दुसऱ्याने दुसरी म्हटले होते. आणि स्मिट व केलर या दोघांनीही तेच निष्कर्ष आपल्या बाजूचे म्हणून वाचले.

हे वाचताना मला अक्षीचा शिलालेख आठवणे अपरिहार्य होते. अलिबागजवळच्या त्या झिजलेल्या दगडावरचा शक काहींनी ९३४ वाचला, काहींनी ११३२. दगड समोर आहे, अक्षरे समोर आहेत, आणि दोन वाचनांत जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर. मराठीतला आद्य शिलालेख कोणता हे त्यावर ठरायचे. तज्ज्ञांचे दुमत झाले म्हणून शास्त्र खोटे ठरते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण नावे झाकूनही दुमत जात नाही ही गोष्ट मी नजरेआड करू इच्छित नाही. नामदेवांनंतर एकनाथांपर्यंतचा काळ वाङ्मयेतिहासात बहुधा पोकळी म्हणून दाखवला जातो. ती पोकळी निर्मितीची की जतनाची? सिग्नॉर-लिप्स वाचल्यापासून तो परिच्छेद शिकवताना मी ‘या काळात लेखन झाले नाही’ हे वाक्य उच्चारत नाही. ‘या काळातले लेखन हाती आलेले नाही’ असे म्हणते, आणि मुलांना दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून फरक विचारते.

इतक्या दूर इटली-ट्युनिशियापर्यंत गेल्यावर आपल्या पायाखालचे काय, हे मी सरांना विचारणे साहजिक होते. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले. आपल्या पायाखाली बेसाल्ट. पश्चिमेला दोन किलोमीटरहून अधिक जाड, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला लाव्हा. क्रिटेशसच्या शेवटाशी त्याचा काळ इतका जवळचा की जगभरच्या त्या विनाशाला अशनी कारण की दख्खनचा ज्वालामुखी, हा वाद आजही चालू आहे. आणि तो सुटायचा तर आधी क्रम लागला पाहिजे : कोणता लाव्हा सीमेच्या आधीचा, कोणता नंतरचा? लाव्हात समुद्री कवचे असत नाहीत. मात्र दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत कुठे तळी साचली, कुठे गाळ बसला. ते थर वाचता येतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातल्या आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या राजमहेंद्रीच्या अशा थरांतले शिंपले अभ्यासून १८६० मध्ये निबंध लिहिला आणि ते थर क्रिटेशसनंतरचे ठरवले. पण गोड्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पती यांच्यावरून वाद मिटेना; पुढची शंभराहून अधिक वर्षे तो लोंबकळत राहिला.

२००८ मध्ये केलर यांनी थिएरी आदात, सुनील बाजपेयी आदींसह राजमहेंद्रीच्या दगडखाणीतला, दोन लाव्हांच्या मधला गाळ वाचला. तिथे समुद्र होता, म्हणून फोरॅमिनिफेरा होते; आणि ते सीमेनंतरच्या अगदी आरंभीच्या काळातले, त्या नव्या, चिमुकल्या पिढीतले निघाले. म्हणजे खालचा लाव्हा सीमेच्या आसपास संपला आणि वरचा नंतर आला. पुढच्याच वर्षी त्यांना तसेच कण नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे सापडल्याचे प्रसिद्ध झाले. आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, तरंगत्या समुद्री जिवांची कवचे! समुद्राचा एखादा फाटा त्या वेळी आत शिरला असावा, असा अर्थ त्यांनी लावला. वाऱ्याने उडून आले, नदीने आणले, असे म्हणायचे तर आधीच्या परिच्छेदांतल्या सगळ्या कसोट्या पुन्हा लावाव्या लागतात.

कण क्रम सांगतात, वर्षे सांगत नाहीत. वर्षांसाठी दुसरी रीत लागते. सह्याद्रीच्या घाटांतून गाडी जाताना काळ्या थरांच्या मधे तांबडे पट्टे दिसतात, ते दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेल्या मातीचे. त्यांतले झिरकॉनचे स्फटिक निवडून ब्लेअर शोन यांच्या गटाने वर्षे मोजली. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने खुद्द लाव्हातल्या आर्गॉनवरून मोजली. दोन्ही निबंध ‘सायन्स’ मध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये, एकाच अंकात आले. दोघांची वर्षे पुष्कळशी जुळतात. तरी सीमेच्या थोडे आधी लाव्हाचा एक मोठा लोंढा आला असे एका गटाला दिसते, आणि बहुतांश, म्हणजे सुमारे पाऊण लाव्हा सीमेनंतरचा आहे असे दुसऱ्याला. कारण सह्याद्रीच्या त्या थरांत सीमा कुठे पडते हे दाखवणारे कण नाहीत. तिथे जमीन होती. कण आहेत ते राजमहेंद्रीला. मग दोन्ही टोके जोडायची ती लाव्हाच्या रसायनावरून : राजमहेंद्रीच्या वरच्या लाव्हाची घडण महाबळेश्वरच्या लाव्हाशी जुळते, खालच्याची महाबळेश्वरच्या खाली असलेल्या आंबेनळीच्या थराशी. मधे हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तेवढा लाव्हा तेवढ्या लांब वाहत गेला, हे गृहीत धरूनच घाटातली वर्षे आणि गोदाकाठचे कण आज एका कोष्टकात लिहिले जातात.